जुने व्हॉल्व्ह रेडिओ आणि त्यांची लाकडी कॅबिनेट: या चुका टाळा

खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या घरांतून जुने व्हॉल्व्ह (काचेच्या नळ्यांवर चालणारे) रेडिओ आणि रेडिओग्राम (रेडिओ व रेकॉर्ड प्लेअर एकाच कॅबिनेटमध्ये असलेले संच) अलीकडे पुन्हा दुरुस्तीला येऊ लागले आहेत. वर्षानुवर्षे माळ्यावर सुखरूप राहिलेला संच खाली उतरवल्यानंतरच्या पहिल्या तासातच निकामी केला जातो, याची फार हळहळ वाटते.

धूळ झटकून थेट प्लग लावणे ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. निपाणीच्या एका घरी दिवाळीच्या साफसफाईत आजोबांचा रेडिओग्राम नातवाने असाच चालू केला, आणि स्पीकरमधली घरघर ऐकून संच सुरू होतो आहे असे समजून तो तसाच ठेवला. माझ्याकडे आला तेव्हा मेन्स ट्रान्सफॉर्मरचे मेण वितळून चासीवर (आतल्या धातूच्या सांगाड्यावर) ओघळले होते. वीजपुरवठ्यातले चढउतार सपाट करणारा फिल्टर कंडेन्सर सुकून अखेर शॉर्ट झाला होता आणि त्याचा सारा भार रेक्टिफायर (एसीचे डीसी करणारा) व्हॉल्व्ह व ट्रान्सफॉर्मर यांच्यावर पडला होता. स्वस्तातला एक कंडेन्सर वेळीच न बदलल्यामुळे ट्रान्सफॉर्मर नव्याने वाइंड करून घ्यावा लागला.

मी आधी फिल्टर आणि कपलिंग (एका टप्प्याकडून पुढच्या टप्प्याकडे सिग्नल नेणारे) कंडेन्सर बदलतो. कपलिंग कंडेन्सर लीक असेल, तर ईएल ८४ सारख्या आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडवर (आतला प्रवाह आवरणाऱ्या जाळीवर) पॉझिटिव्ह व्होल्टेज येते, व्हॉल्व्ह तापून लाल होतो आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मरही जळू शकतो. त्यानंतरच ६० वॅटचा, मोठ्या रेडिओग्रामला १०० वॅटचा, तारेचा बल्ब सिरीजमध्ये (संचाकडे जाणाऱ्या विजेच्याच वाटेत) लावून संच चालू करतो. बल्ब क्षणभर उजळून मंदावला तर ठीक. तसाच प्रखर राहिला तर संच तत्काळ बंद करावा.

एसी-डीसी (दोन्ही प्रकारच्या विजेवर चालणाऱ्या) संचात मेन्सची एक तार चासीलाच जोडलेली असते, त्यामुळे प्लग उलटा बसल्यास चासीवर फेज, म्हणजे जिवंत वीज, येते. आत हात घालण्यापूर्वी प्लग काढावा आणि फिल्टर कंडेन्सर डिस्चार्ज करावा.

आवाज क्षीण आहे म्हणून आयएफ ट्रान्सफॉर्मरचे (स्टेशन नीट पकडण्यासाठी आधीच जुळवून ठेवलेल्या कॉइलींचे) स्क्रू फिरवू नयेत.

डायलच्या काचेवरील अक्षरे बहुधा आतल्या बाजूने छापलेली असतात. तिथे ओले फडके फिरवले, की स्टेशनांची नावे फडक्यावर उतरतात. मी ती बाजू फक्त कोरड्या मऊ ब्रशने झटकतो.

कॅबिनेटवर मशीनचा सँडर चालवणाऱ्यांना मात्र मी स्पष्ट शब्दांत नको म्हणतो. वरून सागवानी दिसणारी फळी बहुतेकदा प्लायवूड असते आणि तिच्यावरचे विनियर (चिकटवलेला लाकडाचा पातळ पापुद्रा) जेमतेम कागदापेक्षा जाड असते. कडेला सँडर क्षणभर जास्त रेंगाळला तरी खालचे फिकट लाकूड उघडे पडते, आणि तो डाग कोणत्याही रंगाने पुरता झाकला जात नाही. जुने पॉलिश खरवडण्यापूर्वी मागच्या बाजूला स्पिरिटचा एक थेंब लावून पाहावा: मऊ पडले तर ते लाखेचे आहे, आणि पुष्कळदा स्पिरिट व थोडी लाख घेतलेल्या पोचाऱ्यानेच त्याला पुन्हा झळाळी येते. खानापूर-जांबोटीकडच्या पावसाळी दमट हवेत मात्र ताज्या लाखेवर पांढुरकी साय धरते, म्हणून गिऱ्हाइकाने कितीही घाई केली तरी जून ते सप्टेंबर या काळात मी पॉलिशचे काम घेत नाही.