तरवड बियापासून कसा लावायचा

घटाला तरवडाच्या फुलांची माळ घालायची तर आमच्या लातूरकडं पूर्वी गावाबाहेर पाच मिनिटं चाललं की ओंजळभर फुलं मिळायची, आता बांध जेसीबीनं कोरून साफ केलेत, रस्ते रुंद झालेत आणि बाजारात झेंडूशिवाय काही दिसत नाही. आई म्हणाली एवढ्या कुंड्या भरतोस, एक तरवड लाव की. नर्सरीत विचारलं तर तिथलं पोरगं हसलं, म्हणलं तरवड कोण विकत घेतंय, ते तर कुठंबी येतंय. खरंय, कुठंबी येतंय, फक्त आपण लावलं की येत नाही. पहिल्या वर्षी मी चाळीस बिया टाकल्या, रोज पाणी घातलं, तीन उगवल्या.

आधी झाड नीट ओळखा, कारण लई जण तरोट्याच्या बिया घेऊन येतात. तरोटा पावसाळ्यात उगवतो आन नंतर वाळून जातो, त्याची शेंग बारीक आणि लांब असते, एका पानात बारक्या पानांच्या तीनच जोड्या. तरवड वर्षानुवर्षं टिकणारं झुडूप, पुरुषभर उंच होतं, पानात आठ-दहा जोड्या, आणि देठाच्या बुडाशी कानासारखी गोल पानं असतात, ती दिसली की डोळे झाकून तरवड समजा. शेंग चपटी, तीन-चार इंचाची.

शेंगा झाडावरच तपकिरी होऊन खुळखुळायला लागल्या की तोडा. हिरव्या तोडून घरी वाळवू नका, बी पोचट निघतं. शेंगेला बारीक भोक दिसलं तर आत कीड असते, ती तिथंच फेका. बाकीच्या बिया पाण्यात टाका, तरंगलेल्या काढून टाका.

आता मेन गोष्ट. या बीचं टरफल इतकं टणक असतं की पाणी आत जातच नाही, आणि आपण मात्र वरून पाणी घालत बसतो. रानात उन्हा-पावसानं आणि दगडमातीत घासून ते हळूहळू झिजतं, म्हणून तिथं सगळ्या बिया एकाच वर्षी उगवत नाहीत, काही मागं राहतात, आणि आमच्या मराठवाड्यातला पाऊस बघता झाडाची ही अक्कल चांगलीच म्हणायची. पण आपल्याला घाई असते. म्हणून हार्डवेअरच्या दुकानातून पॉलिश पेपर आणा आणि बी त्यावर एका बाजूनं घासा, आतला फिकट रंग जरासा दिसला की थांबा. नेलकटरनं टोचा मारला तरी चालतं, फक्त बीचं टोक (जिथून कोंब येतो) सोडून दुसऱ्या बाजूला मारा. जास्त बिया असतील तर पाणी उकळून गॅस बंद करा, दोन-तीन मिनिटं थांबा, मग बिया टाकून रात्रभर तसंच राहू द्या. उकळत्या पाण्यात गॅसवर ठेवू नका, शिजतात. सकाळी ज्या फुगल्या त्या लावा, ज्या तशाच कडक आहेत त्या परत घासा. दुसऱ्या वर्षी असं केलं तर आठ-दहा दिवसांत कोंब दिसायला लागले.

याचं मूळ सरळ खोल जातं, त्यामुळं लहान ट्रेमध्ये लावून नंतर उपटून लावलं की रुसतं. एकतर जूनमध्ये दोन चांगले पाऊस झाल्यावर जागेवरच लावा, नाहीतर मार्च-एप्रिलमध्ये लांब पिशवीत, आणि पावसाळा लागला की पिशवी कापून गोळा न फोडता खड्ड्यात ठेवा. बी अर्धा इंच खोल, एका जागी दोन-तीन. नुसती काळी माती असेल तर अर्धा मुरूम मिसळा, कारण पाणी साचलं की रोप काळं पडून मरतं, दुष्काळानं मरत नाही. खत मूठभर कुजलेलं शेणखत, बास. युरिया घालायचा मोह आवरा, नुसता पाला वाढतो. ऊन मात्र दिवसभर पाहिजे.

पहिला उन्हाळा आठ-दहा दिवसांतून एकदा पाणी, नंतर सोडून द्या. शेळ्या सहसा तोंड लावत नाहीत, म्हणून कुंपणाची कटकट नाही. फूटभर झालं की शेंडा खुडा, झुडूप दाट होतं. माझ्या रोपांना दुसऱ्या वर्षी फुलं आली.

पानावर हिरव्या अळ्या दिसल्या तर लगेच फवारा उचलू नका, ती पिवळ्या-पांढऱ्या फुलपाखरांची पिल्लं आहेत, पानं खाल्ली तरी झाड परत फुटतं. फुलात मध नसतो, काळे भुंगे येऊन फुलाला धरून अंग थरथरवतात आणि पराग झाडून घेतात, सकाळी जवळ उभं राहिलं की तो गुंsss आवाज मस्त ऐकू येतो. देगलूर-धर्माबादकडच्यांना हे झाड सांगायची गरज नाही म्हणा, पलीकडं तेलंगणात हेच तंगेडू, त्यांचं राज्यफूल, त्यांच्या फुलांच्या सणातली बतुकम्मा त्याच्यानं सजते.

माळेसाठी फुलं तोडताना सगळा झुबका ओरबाडू नका, खालच्या फांदीवरची दहा-बारा फुलं शेंगेला सोडा, पुढच्या वर्षी शेजारच्या काकू बिया मागतातच.