बेळगाव पायी कसं पाहावं: किल्ल्यापासून काँग्रेस विहिरीपर्यंत

निपाणी, खानापूर, चंदगड इथल्या माणसांचं बेळगावशी नातं बाजाराचं. लग्नाचा बस्ता, दवाखाना, कॉलेजचा प्रवेश, कोर्टाची तारीख, आणि परतताना हातात कुंद्याचा, म्हणजे इथल्या खव्याच्या मिठाईचा, डबा. शहर बघायला म्हणून फारसं कोणी येत नाही. पण एक दिवस काढून किल्ल्यापासून टिळकवाडीपर्यंत चाललात तर आठशे वर्षं ओळीनं पायाखालून जातात. गाइड लागत नाही. खालचा क्रम ठेवा आणि प्रत्येक वास्तूपाशी एकच विचारा: ही आधी कोणाची होती, आणि आता कोणाची आहे? बेळगावात दगडसुद्धा एका मालकाकडे टिकलेला नाही, त्यामुळे या प्रश्नाला जवळजवळ सगळीकडे उत्तर मिळतं.

निघण्याआधी

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने उत्तम. पावसाळ्यात इथला पाऊस छत्रीला दाद देत नाही आणि मे महिन्यात दुपारी चालवत नाही. ओळखपत्र जवळ ठेवा, कारण किल्ल्याचा बराच भाग आणि कॅम्प, म्हणजे छावणीचा भाग, लष्कराच्या ताब्यात आहे. फोटो काढण्याआधी पहाऱ्यावरच्या जवानाला विचारा. नको म्हणाला तर वाद न घालता मोबाइल खिशात टाका. देवळं, बस्ती (म्हणजे जैन मंदिरं), मशीद असं सगळंच वाटेत असल्यानं सहज काढता येतील अशा चपला घाला. सुरुवात सकाळी लवकर करा. कारण बाजारापाशी आलात की कळेल.

पहिला टप्पा: किल्ला, आणि इथे घाई नको

मध्यवर्ती बसस्थानकावर उतरलात की किल्ला हाकेच्या अंतरावर. रिक्षावाले विचारतील, खरं चालतच जा. आत शिरण्याआधी खंदकापाशी थांबून तटाची गोलाई बघून घ्या. एकदा आत गेलं की रस्ते, झाडं आणि कार्यालयं यांमुळे आपण किल्ल्यात आहोत हेच विसरायला होतं. दारात गणपती आणि दुर्गादेवीची देवळं आहेत.

किल्ल्याचा मूळ काळ रट्टांचा. सौंदत्तीचं हे घराणं तेराव्या शतकाच्या सुरुवातीला राजधानी घेऊन वेणुग्रामात, म्हणजे इथे आलं. पुढे १४७० च्या दशकात बहमनी वजीर महमूद गावान यानं किल्ला जिंकला, मग आदिलशाही आली, मराठे आले, आणि १८१८ च्या एप्रिलमध्ये थॉमस मन्रोच्या फौजेनं वेढा घालून तो इंग्रजांच्या हाती दिला.

आधी कमल बस्ती गाठा. दिवसात एकच वास्तू बघायला वेळ असेल तर हीच बघा. चौथा कार्तवीर्य या रट्ट राजाचा अधिकारी बीचिराज यानं १२०४ मध्ये ही बांधली. मंडपातले काळ्या दगडाचे खांब चरकावर, म्हणजे लेथसारख्या यंत्रावर, फिरवून गुळगुळीत केलेले आहेत, पण मान वर करायची ती छतासाठी. मध्यभागी दगडाचं कमळ खाली लोंबलेलं आहे, पाकळ्यांच्या थरांवर थर. आत आलेल्या डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला थोडा वेळ द्या, मगच त्याची खोली कळते. गाभाऱ्यात नेमिनाथ या जैन तीर्थंकरांची काळ्या पाषाणातली मूर्ती आहे. या बस्तीला दिलेल्या दानांची नोंद असलेले शिलालेख मात्र इथे शोधू नका. ते लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. शेजारची चिक्की बस्ती पडझड झालेली आहे. तिलाही फेरी मारा; बाहेरून भिंत कशी रचली आहे ते तिथे जास्त स्पष्ट दिसतं.

तिथून साफा मशीद. आदिलशाही सरदार असद खानानं ती १५१९ मध्ये बांधली. हा भाग लष्करी हद्दीत असल्यानं आत जाता येईल की नाही ते दारावर विचारूनच ठरवा. जाता आलं तर खांबांकडे बघा. त्यातले दोन जुन्या देवळांतून आलेले आहेत आणि त्यांच्यावर नागरी लिपीत कन्नड लेख कोरलेले आहेत: एक ११९९ चा, चौथ्या कार्तवीर्याच्या काळातला, आणि दुसरा १२६१ चा, देवगिरीच्या यादव कृष्णाच्या काळातला. सोबत फारसी लेखही आहे. रट्टांचा खांब, यादवांचा खांब, आदिलशाहीचं छत आणि दारावर भारतीय लष्कराचा पहारा. आपल्याकडे पाट्या मराठीत की कन्नडमध्ये यावरून एवढं रण माजतं. ज्यांना त्याचा राग येतो अशा दोन्ही बाजूंच्या माणसांना या खांबांपुढे एकदा उभं करावं असं मला फार वाटतं.

किल्ल्यातून निघताना रामकृष्ण आश्रमात डोकवा. १८९२ च्या ऑक्टोबरात स्वामी विवेकानंद बेळगावात आले, तेव्हा वनखात्यातले अधिकारी हरिपद मित्र यांच्या किल्ल्यातल्या घरी राहिले होते. आश्रमानं ते घर जपलं आहे. त्याआधी त्यांचा मुक्काम रिसालदार गल्लीत वकील भाटे यांच्याकडे होता. ती गल्ली पुढच्या वाटेवरच आहे.

दुसरा टप्पा: गल्ल्या, दुकानं उघडण्याआधी

आता जुन्या गावात शिरा: खडेबाजार, गणपत गल्ली, मारुती गल्ली, रामदेव गल्ली. लवकर निघायला सांगितलं ते यासाठी. शटर बंद असताना आणि फुटपाथवर कपड्यांचे ढीग नसतानाच इथली घरं दिसतात. तळमजल्याकडे बघूच नका, तिथे सगळे फलक. नजर पहिल्या मजल्यावर ठेवा: लाकडी कठडे, कौलारू उतार, मध्येच एखादी गच्चीची सिमेंटची जाळी. ओट्यांचा बहुतेक बळी रस्ता रुंदीकरणानं घेतला. उरलेला एखादा दिसला तर आजूबाजूच्या घरांच्या मूळ दर्शनी रेषेचा अंदाज त्यावरून येतो.

किर्लोस्कर रोडचं नाव नुसतं गौरवाचं नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलींचं दुकान काढलं, पुढे इथेच लोखंडी नांगर केले. नव्या उपनगरासाठी नगरपालिकेनं त्यांना जागा सोडायला लावली, आणि औंधच्या राजांनी दिलेल्या माळावर १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. बेळगावनं हातचं काय घालवलं, याचा हिशोब चहा पिता पिता ज्यानं त्यानं करावा.

तिसरा टप्पा: कॅम्प

संभाजी चौकातून कॅम्पकडे वळलात की रस्ता रुंद होतो आणि आवाज खाली येतो. घरं रस्त्याला चिकटून नाहीत, आवारात मागे सरकून उभी आहेत: पुढे पोर्च, भोवती व्हरांडा, वर कौलं. सेंट मेरीज चर्चच्या टोकदार कमानी आणि रंगीत काचा १८६० च्या दशकातल्या गॉथिक शैलीच्या. आतून बघायचं असेल तर प्रार्थनेची वेळ टाळा. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र १९२२ पासून बेळगावात आहे. ते बाहेरूनच बघायचं. बाकी कॅम्पात फार रेंगाळू नका.

चौथा टप्पा: कपिलेश्वर, शहापूर, टिळकवाडी

इथे मात्र रिक्षा करा, ऊन वाढलेलं असतं. कपिलेश्वराला लोक दक्षिण काशी म्हणतात. देवळावर नवा रंग आणि नवं बांधकाम इतकं आहे की जुनं शोधावं लागतं, पण शेजारच्या तलावासाठी जावंच.

पुढचं शहापूर आज बेळगावचाच भाग वाटतं, पण संस्थानं विलीन होईपर्यंत ते सांगलीच्या पटवर्धनांच्या संस्थानातलं, चहूबाजूंनी इंग्रजी मुलखानं वेढलेलं. म्हणजे रेल्वेरूळ ओलांडला की राज्य बदलायचं. विणकर आणि सराफ यांची ही पेठ. दुपारी शांत गल्ल्यांतून एक फेरी पुरे.

शेवट टिळकवाडीत, काँग्रेस विहिरीपाशी. २६ आणि २७ डिसेंबर १९२४ ला इथे काँग्रेसचं अधिवेशन भरलं, गांधीजींनी अध्यक्षपद भूषवलेलं हे एकमेव. आयोजनाची धुरा गंगाधरराव देशपांडे यांच्याकडे होती. हजारो माणसांना पाणी पुरावं म्हणून ही विहीर खोदली. अधिवेशनाचा मंडप, राहुट्या सगळं उठलं, विहीर राहिली, आता भोवती बाग आहे आणि शेजारी वीरसौध हे स्मारक. काठावरून वाकून दगडी बांधणी बघा.

रेल्वेनं खानापूर, लोंढ्याकडे जाणाऱ्यांना इथून स्टेशन सोयीचं. निपाणी, कोल्हापूरकडच्यांनी रिक्षानं बसस्थानक गाठावं, आणि कुंदा घ्यायचा असेल तर मधे बाजारात उतरून घ्यावा. मांडे घेणार असाल तर ते हातातच धरा. पिशवीत कोंबले की घरी पोचेपर्यंत चुरा होतो.