घरात आणि रानात वचन शोधताना या चुका टाळा

शब्बाथशाळेत, म्हणजे चर्चमधल्या मुलांच्या वर्गात, प्रभू येशूनं सांगितलेला पेरणाऱ्याचा दाखला सांगून झाला होता. काही बी वाटेवर पडलं, काही खडकाळीवर, काही काटेरी झुडपांत, उरलेलं चांगल्या जमिनीत. आता मी ‘आपलं मन कोणती जमीन?’ या नेहमीच्या प्रश्नाकडे वळणार, तेवढ्यात मागच्या बाकावरचा एक पोरगा म्हणाला, “टीचर, तो शेतकरी येडा होता काय? वाटेवर कोण पेरतंय?”

पोराचं गाव मोहोळकडं, घरी रब्बीची ज्वारी. त्यानं आजोबांना पाभरीच्या चाड्यात मूठ सोडताना पाहिलंय. बी नळ्यातून थेट तासात उतरतं. त्याच्या दृष्टीनं वाटेवर बी सांडणारा माणूस एक तर झोपेत असणार नाहीतर प्यायलेला. मी त्या दिवशी काहीतरी थातुरमातुर सांगून वेळ मारून नेली. घरी येऊन वाचलं तेव्हा कळलं, की प्रभू येशूच्या मुलखात बी हातानं फोकून पेरायचे. मूठ फिरली की चार दाणे वाटेवर जायचेच. बारा वर्षं मी हा दाखला शिकवतेय आणि पेरणी कशी होते हे मला विचारावंसं वाटलं नव्हतं, कारण बोध मला आधीच पाठ होता.

घरगुती उपासनेत, महिला मंडळात, नाहीतर नुसतं मुलांना झोपवताना ज्यांना रोजच्या जगण्यातून पवित्र शास्त्रातलं वचन उलगडून दाखवायचं असतं, त्यांच्यासाठी हे लिहितेय. यातली प्रत्येक चूक मी केलेली आहे, काही तर दोनदोनदा.

बोध आधी, वस्तू नंतर

सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. रविवारी ‘देव आपल्याला घडवतो’ यावर बोलायचंय, मग शनिवारी रात्री स्वयंपाकघरात उदाहरण शोधायचं. मी भाकरी निवडली. देव पिठासारखं आपल्याला मळतो, थापतो, तव्यावर टाकतो, असं छान रचलं आणि सासूबाईंना वाचून दाखवलं. आई भाकरीच थापत होत्या. म्हणाल्या, “मळतो ते ठीक. पण ज्वारीला चिकटपणा नसतो गं. आधणाचं पाणी घातल्याशिवाय ती धरूनच राहत नाही. आणि सगळ्या भाकरींचं पीठ एकदम मळून ठेवशील तर शेवटच्या चार चिरतील. एकेका भाकरीपुरतं मळावं लागतं.”

मग मी लिहिलेला कागद बाजूला ठेवला आणि त्यांच्या हाताकडे बघत बसले. उजव्या तळव्याची टाच पिठावर दाबून पुढं सरकते, मागं येते, पुन्हा पुढं. कडा चिरायला लागली की बोट पाण्यात बुडवून तिथंच फिरवायचं. थापताना भाकरी गोल गोल फिरत राहते, पण ती फिरवावी लागत नाही, थापण्याच्या लयीतच ती फिरते. चिरलेली कडा बघून आई कधी पीठ टाकून देत नाहीत. त्या रविवारी मी घडवण्याबद्दल बोललेच नाही. एकेकापुरतं मळणं आणि चिरलेल्या जागी ओलं बोट, एवढंच सांगितलं. पुढच्या बाकावरच्या दोन आजी मान डोलवत होत्या. त्यांना ते माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं.

म्हणून उपाय एवढाच: जी वस्तू सांगायची, ती निदान एकदा शेवटपर्यंत पाहा आणि ज्याच्या हाताला ती रोज लागते त्याला विचारा. उदाहरण मोडलं तर मोडू द्या.

छाटणीबद्दल घाईनं बोलणं

योहान 15 मध्ये प्रभू स्वतःला द्राक्षवेल म्हणतो आणि पित्याला माळी. फळ देणारा फाटाही तो साफ करतो. कुणाच्या घरी दुःख झालं, की आपण भेटायला जातो आणि दहाव्या मिनिटाला हे वचन काढतो: “देव छाटतोय, फळ येईल.” माझ्या सख्ख्या नणंदेला मी हे बोलले होते, तेही दफनविधीहून परतताना. तिनं उत्तर दिलं नाही.

आमच्या चुलत सासऱ्यांची नान्नजच्या बाजूला द्राक्षबाग आहे. सोनाका द्राक्ष त्याच नान्नजचं, हे ते पाहुण्यांना पहिल्या पाच मिनिटांत सांगतात. त्यांच्याकडून कळलं, की आपल्याकडे वेलीची छाटणी वर्षातून दोनदा होते. एप्रिलची खरड छाटणी, तेव्हा काड्या एक-दोन डोळ्यांवर, म्हणजे कोंब फुटायच्या जागांवर, कापतात आणि बाग भुंडी दिसते. मग ऑक्टोबरची फळछाटणी. फळ दुसऱ्या छाटणीनंतर दिसतं, पण त्याची तयारी उन्हाळ्यात, नव्या काडीच्या डोळ्यात होते. सूक्ष्मघड निर्मिती म्हणतात तिला. वरून काहीच दिसत नाही. कुठल्या डोळ्यात घड आहे हे कळायला बागाईतदार ऑक्टोबरच्या आधी काड्या तपासायला देतात, डोळा चिरून भिंगाखाली बघतात.

म्हणजे चांगला माळीसुद्धा एप्रिलमध्ये वेलीला “घड कुठाय?” असं विचारत नाही. तो पाणी मोजतो, जादा फुटवे काढतो, थांबतो. एप्रिलमध्ये कुणाच्या घरी गेलात तर स्वयंपाकाला हात लावा, पोरांना शाळेत सोडा. योहानाचा तो पंधरावा अध्याय ऑक्टोबरमध्ये वाचा.

निसर्ग म्हणजे नुसती फुलं, हा गैरसमज

फुलामुलांचे कवी म्हणून ज्यांना आपण ओळखतो, त्या रेव्हरंड ना. वा. टिळकांनीच जखमी पक्षिणीवरची ती कविता लिहिली, जी वाचताना शाळेत आपला घसा दाटून यायचा. आपण मात्र सूर्योदय, गुलाब आणि इंद्रधनुष्य यापलीकडे जात नाही. मे महिन्यात सोलापुरात पारा 44 च्या पुढं जातो, डांबर चपलेला चिकटतं आणि आपण व्हॉट्सॲपवर बर्फाळ डोंगराच्या फोटोवर वचन टाकतो. हे मला खरंच कळत नाही.

पवित्र शास्त्र इतकं नाजूक नाही. मत्तय 10:29 मध्ये चिमणी जमिनीवर पडते. पित्याच्या नकळत पडत नाही, एवढंच वचन म्हणतं. ती पडतच नाही असं कुठंही म्हटलेलं नाही. ईयोब 39 मध्ये शहामृगी जमिनीवर अंडी टाकते आणि ती कुणाच्या पायाखाली चिरडतील हे विसरून जाते. आपल्याकडचा माळढोकही अंडं उघड्या माळावर घालतो, बहुधा एकच. 1979 साली नान्नजला त्याच्यासाठी अभयारण्य जाहीर झालं, आणि आज तिथं माळढोक दिसला तर पेपरात बातमी येते. ‘देव पाखरांची काळजी घेतो’ हा पाठ शिकवताना मुलांना हेही सांगावं लागतं, नाहीतर एखादं हुशार पोरगं स्वतःच विचारतं. विचारलं तर उत्तर तयार हवंच असं नाही. ईयोबालाही चार अध्याय देवाचे प्रश्नच ऐकावे लागले.

पावसाचा चुकीचा हिशोब

यात दोन चुका आहेत. पहिली मोठी: पाऊस लांबला किंवा पीक गेलं की कुणाचं तरी पाप शोधायचं. शिलोहाचा बुरूज पडून 18 माणसं मेली, ती इतरांपेक्षा जास्त पापी होती असं समजू नका, असं प्रभूनं लूक 13 मध्ये स्पष्ट सांगितलंय. यावर जास्त बोलायची गरज नाही.

दुसरी बारीक, पण मजेशीर. आपल्या मराठी शास्त्रात ‘आगोटीचा व वळवाचा पाऊस’ असे शब्द येतात. सोलापूरकर ते वाचतो आणि मनातल्या मनात क्रम उलटा लावतो, कारण आपला वळीव एप्रिल-मेमध्ये गारा घेऊन येतो आणि आगोट जूनमध्ये. तिकडं पहिला पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरात पेरणीसाठी, शेवटचा मार्च-एप्रिलमध्ये दाणा भरताना. म्हणजे ते सगळं वेळापत्रक आपल्या खरिपासारखं नसून रब्बीसारखं आहे. हे एकदा डोक्यात बसलं की याकोबाच्या पत्रातला धीर धरणारा शेतकरी ओळखीचा वाटायला लागतो. मंगळवेढ्याच्या काळ्या रानात परतीच्या पावसावर पेरून, पुढं थंडी आणि दव यांच्या भरवशावर बसणारा तोच माणूस.

आणि तो नीतिमानांवर व अनीतिमानांवर पडणारा पाऊस. लहानपणी कॉन्व्हेंटच्या पुस्तकामुळं मला वाटायचं, की त्यात पाऊस म्हणजे संकट. उजनी धरणात किती टक्के पाणी आलं हे ज्या गावात रोज विचारलं जातं, तिथं हा घोळ व्हायलाच नको होता.

घरच्यांना उदाहरण बनवणं

इथं जरा थांबते.

माझी मुलगी सातवीत होती. घरातल्या डब्यातून तिनं पन्नास रुपये घेतले, खोटं बोलली, मग रडत कबूल केलं. मला त्यात क्षमेचा सुंदर पाठ दिसला आणि मी तो महिला मंडळात साक्ष म्हणून सांगितला. नाव घेतलं नाही. मला एकच मुलगी आहे, त्यामुळं नाव न घेण्याला काही अर्थ नव्हता. आठवड्याभरात तिच्या मैत्रिणीच्या आईनं तिला विचारलं, “आता नाही ना घेत पैसे?” त्यानंतर ती घरी उपासनेला बसायची, गीत म्हणायची, पण स्वतःहून प्रार्थना करेना. तिला विचारलं तर म्हणाली, “मी काही बोलले तर तू तिकडं सांगशील.”

नाथान संदेष्ट्यानं दावीद राजाला मेंढीची गोष्ट सांगितली. ज्याचा गुन्हा, त्यालाच, आणि समोरासमोर. माझी गोष्ट गुन्हा एकीचा आणि ऐकणाऱ्या चाळीस जणी अशी होती.

नंतर केव्हा तरी आईंची कुडी हरवली. मोत्याची, त्यांच्या लग्नातली. लूक 15 मधल्या, हरवलेलं नाणं शोधणाऱ्या बाईसारखा दिवा लावला, म्हणजे मोबाईलचा टॉर्च, आणि सगळं घर झाडलं. पलंग सरकवला, चादरी झटकल्या, तांदळाचा डबा उपसला. केरसुणीच्या फडात अडकलेली सापडली. हा दाखला मी कित्येकदा सांगितला होता, पण त्या दिवशी केर निवडताना एक गोष्ट पहिल्यांदा लक्षात आली. त्याच अध्यायातलं मेंढरू भटकतं, धाकटा मुलगा घर सोडून जातो, नाणं मात्र घरातच हरवतं. ते स्वतः कुठंही गेलेलं नसतं. कुणाच्या तरी हातून पडलेलं असतं.

त्या रात्री मी मुलीची माफी मागितली. ती “बरं” म्हणाली. मोठ्यानं प्रार्थना करायला तिला आणखी दीड वर्ष लागलं.

आता घरात नियम आहे: ज्याची गोष्ट, त्याची परवानगी. पाच वर्षांच्या पोरालाही विचारायचं, आणि ‘नको’ म्हणालं तर विषय संपला. मूर्खाची भूमिका कुणाला द्यायचीच असेल तर ती सांगणाऱ्यानं घ्यावी. माझ्याकडं तसा साठा भरपूर आहे.

एका वस्तूचा एकच अर्थ

खमीर, म्हणजे पीठ फुगवणारं आंबवण, हे पापाचं चिन्ह, असं आपण पटकन शिकवतो. परुश्यांच्या, म्हणजे त्या काळच्या कर्मठ धर्मपुढाऱ्यांच्या, खमिराबद्दल प्रभूनं इशारा दिला आहेच. पण मत्तय 13:33 मध्ये स्वर्गाचं राज्यच खमिरासारखं आहे. तीन मापं पीठ म्हणजे जवळपास 40 लिटरचं माप, अख्ख्या मांडवाला पुरेल एवढं. सिंहाचंही तसंच: पेत्राच्या पत्रात सैतान गर्जणारा सिंह, प्रकटीकरणात ख्रिस्त यहूदाचा सिंह. तेव्हा वस्तूला लेबल लावू नका, वचन कुठं आलंय ते बघा. खमीर मुलांना समजावताना भाकरीचं पीठ कामाचं नाही, तिथं काही फुगत नाही. रात्री भिजवलेलं इडलीचं पीठ सकाळी झाकण उचलतं, ते दाखवा.

काही बारीकसारीक अडचणी

काहीच सुचत नसेल तर शोधू नका, नुसतं स्तोत्र वाचा आणि जेवायला बसा. मुलं कंटाळत असतील तर बोलणं थांबवून त्यांच्या हातात वस्तू द्या: ज्वारीचं कणीस, मोहरीचा दाणा, डाळिंबाची फोड. मोहरी जमिनीवर सांडली तर तोच पाठ. नवरा मध्येच क्रिकेटचा स्कोअर बघत असेल तर त्यावर माझ्याकडं उपाय नाही.

आणि संदेश लांबत असेल तर मोबाईलवर पंधरा मिनिटांचा गजर लावा. आमच्याकडं तो वाजला की आई मोठ्यानं “आमेन” म्हणतात आणि भाकरी तव्यावर टाकायला उठतात, माझं वाक्य अर्धं राहिलेलं असलं तरी.