डेस्कटॉपचं पॉवर बटन: सेटिंग, जोडणी आणि बिघाड कसा शोधावा

कॅबिनेटवरचं पॉवर बटन भिंतीवरच्या स्विचसारखं वीज तोडत नाही. 1995 मध्ये इंटेलने एटीएक्स ही कॅबिनेट, बोर्ड आणि वीजपुरवठ्याची रचना आणली, तेव्हापासून ते म्हणजे क्षणभर दोन तारा जोडणारी साधी कळ आहे. त्याआधीच्या 'एटी' रचनेच्या कॅबिनेटमध्ये 230 व्होल्टच्या तारा पुढच्या स्विचपर्यंत यायच्या.

पीसी बंद असला तरी एसएमपीएस (कॅबिनेटमधला वीजपुरवठ्याचा डबा) जांभळ्या तारेतून मदरबोर्डला, म्हणजे मुख्य सर्किट बोर्डला, 5 व्होल्ट देत राहतो. बटन दाबलं की बोर्ड हिरवी तार ग्राउंडला (शून्य व्होल्टला) जोडतो आणि एसएमपीएस जागा होतो. सगळे व्होल्टेज बसले की 0.1 ते 0.5 सेकंदात करड्या तारेवर तसा इशारा येतो, मगच प्रोसेसर कामाला लागतो. चालू पीसीवर तेच बटन दाबलं, तर बोर्ड फक्त ऑपरेटिंग सिस्टिमला निरोप देतो. त्या निरोपाचं काय करायचं हे आपण ठरवू शकतो, आणि ते जरूर ठरवावं.

बटनाला काम नेमून द्या

विंडोजमध्ये कंट्रोल पॅनल उघडा. 'हार्डवेअर अँड साउंड', मग 'पॉवर ऑप्शन्स', आणि डावीकडे 'चूज व्हॉट द पॉवर बटन डझ'. यादीत साधारणपणे हे पर्याय येतात: काहीच करू नका, स्लीप, हायबरनेट, शट डाउन, डिस्प्ले बंद करा.

घरच्या पीसीसाठी आमची शिफारस हायबरनेटची आहे. चुकून बटन दाबलं गेलं तरी उघड्या फाइल डिस्कवर जपल्या जातात, पुन्हा दाबलं की काम होतं तिथूनच सुरू. स्लीप झटपट उठतं, पण त्यात सगळं रॅममध्ये असतं आणि रॅमला सतत वीज लागते. हायब्रिड स्लीप चालू असेल तर डिस्कवरही एक प्रत राहते. ते बंद असेल आणि वीज गेली, तर न जपलेलं काम गेलंच. हायबरनेटची फाइल रॅमच्या साधारण 40 टक्के जागा घेते; म्हणजे 8 जीबी रॅम असेल तर 3 जीबीच्या आसपास. यादीत हायबरनेट दिसतच नसेल, तर ते आधी कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून पॉवरसीएफजी कमांडने चालू करावं लागतं.

दुकानाच्या काउंटरवर किंवा लहान मुलांच्या हाताशी पीसी असेल तर 'काहीच करू नका' निवडा. सुरू करायला बटन तरीही चालतं, कारण ते काम बोर्डचं आहे, विंडोजचं नाही.

त्याच खिडकीत खाली 'फास्ट स्टार्टअप'ची खूण असते. ती असताना शट डाउन केलं तरी विंडोजचा गाभा डिस्कवर गोठवून ठेवला जातो. म्हणून अडलेला ड्रायव्हर (एखादा भाग चालवणारा प्रोग्राम) शट डाउनने सुधारत नाही, रीस्टार्टने सुधारतो. एकाच पीसीवर लिनक्स ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टिमही असेल तर ही खूण काढा, नाहीतर लिनक्समधून विंडोजच्या ड्राइव्हवर लिहिता येत नाही. आधी वर 'चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल'वर क्लिक केल्याशिवाय ती बदलता येत नाही.

चार सेकंदांचा दाब

बटन चार सेकंदांहून जास्त दाबून धरलं की सिस्टिमला न विचारता वीज तुटते. ही सोय राहायलाच हवी, पण ती शेवटची. पीसी अडकल्यासारखा वाटला तर आधी कॅप्स लॉक दाबून बघा. कीबोर्डवरचा दिवा बदलत असेल तर सिस्टिम बहुधा जिवंत आहे. नुसता पडदा काळा असेल तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकत्र दाबा. ग्राफिक्स ड्रायव्हर पुन्हा सुरू होतो. डिस्कचा दिवा लुकलुकत असेल किंवा पडद्यावर अपडेट चालू असेल तर थांबाच. अपडेटच्या मध्येच वीज तोडली तर विंडोज पुन्हा सुरू न होण्याचा धोका खरा आहे.

वीज परत आल्यावर काय व्हावं

हे सेटिंग विंडोजमध्ये नसून बायोसमध्ये, म्हणजे बोर्डच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, असतं. नाव कंपनीगणिक बदलतं, बहुतेक वेळा 'रिस्टोअर एसी पॉवर लॉस' किंवा त्यासारखं. जिथे वीज परत येताना दोन-तीनदा ये-जा करते, तिथे ते 'ऑफ' ठेवा. 'ऑन' असेल तर प्रत्येक झटक्याला पीसी उठतो आणि मध्येच पडतो, डिस्कला ते सोसत नाही. सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग करणाऱ्या पीसीला मात्र 'ऑन'च हवं.

तारा जोडताना

पुढच्या पॅनलच्या तारा बोर्डच्या कोपऱ्यातल्या छोट्या पिनांवर बसतात. बहुतेक बोर्डांवर दोन ओळींत नऊ पिना असतात आणि दहावीची जागा रिकामी असते. पॉवर स्विच 6 आणि 8 वर, रीसेट 5 आणि 7 वर, पॉवरचा दिवा 2 आणि 4 वर, डिस्कचा दिवा 1 आणि 3 वर. काही बोर्डांवर मांडणी वेगळी असते, म्हणून बोर्डवरची छापील अक्षरं किंवा मॅन्युअल बघूनच जोडा. स्विचला उलटसुलट नसतं, कसाही बसवला तरी चालतो. दिव्याला मात्र असतं: 1 आणि 2 धन, 3 आणि 4 ऋण. दिवा लागला नाही तर तारेचं टोक उलटं फिरवून बसवा.

बटन चालत नसेल तर

सगळ्यात फसवा बिघाड असा: पीसी सुरू होतो, पंखे फिरतात आणि चार-पाच सेकंदांत सगळं बंद. लोक एसएमपीएस बदलून मोकळे होतात. पुष्कळदा दोष अडकलेल्या बटनाचा असतो. धुळीने किंवा मोडक्या प्लास्टिकने ते आत दाबलेलंच राहतं, आणि बोर्डला वाटतं कोणी चार सेकंद धरून ठेवलंय.

खात्री अशी करा. मुख्य वीज बंद करा, पॉवर स्विचचं टोक काढा आणि त्याच दोन पिनांवर रीसेटच्या तारेचं टोक लावा. रीसेटचं बटनही तसंच क्षणिक असतं. आता वीज द्या आणि रीसेट दाबा. पीसी नीट चालला तर दोष पॉवर बटनात आहे. नवीन स्विच मिळेपर्यंत असंच वापरायला हरकत नाही. कॅबिनेटला रीसेट नसेल तर पिना मोकळ्या ठेवून वीज द्या आणि स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने त्या दोन पिना क्षणभर जोडा. तिथे 5 व्होल्टपेक्षा जास्त दाब नसतो, तरी शेजारच्या पिनांना धक्का लागू देऊ नका.

यानेही काहीच झालं नाही तर एसएमपीएसच्या मागचा स्विच बघा. झाडताना तो नकळत बंद झालेला असतो, हे फार वेळा घडतं. मग एसएमपीएसकडून बोर्डला येणारा 24 पिनांचा जोड पक्का बसलाय का ते तपासा. एसएमपीएसचा डबा मात्र कधीच उघडू नका; आतल्या कपॅसिटरमध्ये केबल काढल्यावरही विजेचा धोकादायक दाब उरतो.

रॅम किंवा कार्ड बदलायचं असेल तर मागची केबल काढा आणि पॉवर बटन दहा सेकंद दाबून धरा. बोर्डवर दिवा असेल तर तो विझतो. मगच हात आत घाला.