फाइव्ह ऑफ स्वोर्ड्स वाचताना या चुका टाळा

टॅरो, म्हणजे चित्रांच्या कार्डांवरून प्रश्नांची उत्तरं वाचणं, नुकतंच शिकायला घेतलेल्यांच्या हाती फाइव्ह ऑफ स्वोर्ड्स, म्हणजे पाच तलवारींचं कार्ड, आलं की बहुतेक वेळा दोनच गोष्टी घडतात. चित्रातला माणूस हसतोय म्हणून ‘तुम्ही जिंकणार’ असं सांगून मोकळं व्हायचं, नाहीतर तलवारी दिसल्या म्हणून समोरच्याच्या पोटात गोळा आणायचा. दोन्हीकडे चित्र नीट पाहिलेलं नसतं.

तेव्हा आधी चित्र. आपल्यापैकी बऱ्याच जणांकडे असतो तो रायडर-वेट डेक, म्हणजे कार्डांचा संच. आर्थर एडवर्ड वेट यांच्या कल्पनेवरून पामेला कोलमन स्मिथ यांनी रेखाटलेला हा डेक १९०९ साली लंडनमध्ये निघाला. पुढे एक माणूस उभा आहे. डाव्या खांद्यावर दोन तलवारी, उजव्या हातात तिसरी, तिचं टोक जमिनीकडे. उरलेल्या दोन मातीत पडल्यात. मागे दोघं जण पाठ फिरवून पाण्याच्या दिशेनं निघालेत, आणि पुढचा माणूस वळून त्यांच्याकडे बघत तुच्छतेनं हसतोय. आभाळात फाटलेले, टोकदार ढग. भांडण चालू नाही, संपलंय. मैदान एकाच्या ताब्यात आहे, आणि त्या मैदानात त्याच्याशी बोलायला आता कुणी थांबलेलं नाही. कार्डाचा सगळा अर्थ इथे आहे.

दुसऱ्याच कार्डाचा अर्थ चिकटवणं

सगळ्यात जास्त घोळ सेव्हन ऑफ स्वोर्ड्सशी होतो, आणि तो होण्यासारखाच आहे. तिथला माणूस तंबूंपासून पाय न वाजवता पाच तलवारी घेऊन सटकतोय आणि दोन मागे रोवलेल्या राहिल्यात. घाईत बघणाऱ्याला दोन्हीकडे ‘हातात काही, जमिनीवर दोन’ एवढंच दिसतं. पण सातमध्ये लपवाछपवी आहे, पाचमध्ये उघड दांडगाई. ऑफिसमध्ये कुणी मागून सूत्रं हलवतंय का, हा प्रश्न सातचा. भर मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर पाणउतारा करून स्वतःचं खरं केलं, हे पाचचं.

फाइव्ह ऑफ वॉन्ड्सशीही गल्लत होते. तिथे पाच जण काठ्या घेऊन एकमेकांना भिडलेत, अजून कुणाचाच वरचष्मा नाही. त्या टप्प्यावर ‘बसून बोला’ हा सल्ला चालतो. तलवारींच्या पाचमध्ये ती वेळ बरेचदा निघून गेलेली असते.

प्रश्न विचारणाऱ्याला आधीच एका जागी उभं करणं

चित्रात माणसं तीन आहेत. रीडर, म्हणजे कार्ड वाचणारा, मात्र न विचारताच ठरवून टाकतो की समोर बसलेला म्हणजे हरून निघालेला बिचारा, आणि हसणारा म्हणजे त्याचा शत्रू. समोरच्यालाही ते आवडतं. पैसे देऊन ‘तुमचंच बरोबर’ ऐकायला कुणाला नको असतं?

समजा, आईच्या फ्लॅटवरून बहीण-भावात बिनसलंय. बहीण रीडिंगला आली आणि हे कार्ड निघालं. ‘भावानं तुमच्यावर अन्याय केलाय’ हे वाक्य जिभेवर येईल, ते गिळा. कार्ड तिच्याकडे सरकवा आणि यातली तुम्ही कोण, असं विचारा. बोट कुणावर जातं ते बघा, आणि बोट ठेवायला किती वेळ लागतो तेही बघा. मग विचारा की शेवटचं बोलणं काय झालं होतं. स्वोर्ड्स हा वायुतत्त्वाचा सूट (कार्डांचा गट), म्हणजे विचार आणि वाणी. इथले वार बहुधा शब्दांचेच असतात. ‘आईला शेवटी सांभाळलं कुणी, हे सगळ्या नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकलं मी’ असं काहीतरी बाहेर येतं आणि हसणारा माणूस कोण, हे तिचं तिलाच कळतं. मग तो तिसरा राहतो, पार मागचा. भांडणात नसून घर गमावलेला. भाच्या-पुतण्यांपैकी कुणी, किंवा खुद्द आई. त्याच्याबद्दल विचारायचं बहुतेकांच्या डोक्यातच येत नाही.

उलटं आलं म्हणजे समेट

कार्ड उलटं, म्हणजे चित्राचं डोकं खाली असं निघालं की ॲपवर आणि रीलमध्ये सर्रास हेच सांगतात. वेट यांनी मात्र सरळ कार्डासाठी अधोगती, विनाश, बदनामी, अप्रतिष्ठा, नुकसान असे अर्थ दिले, आणि उलट्यासाठी लिहिलं: तेच, शिवाय दफन आणि अंत्यविधी. समेटाचा अर्थ पुढच्या वाचकांनी रुजवला. तो लावू नका असं माझं म्हणणं नाही, पण शेजारी जवळिकीचं टू ऑफ कप्स किंवा समतोलाचं टेम्परन्स अशा कार्डाचा आधार हवा. सिक्स ऑफ स्वोर्ड्स, म्हणजे नावेतून पलीकडे निघालेली माणसं, शेजारी असेल तर मी समेट न म्हणता ‘आता वाटा वेगळ्या’ असं वाचेन.

डेक बदलला तरी अर्थ तोच ठेवणं

मार्सेय पद्धतीच्या जुन्या डेकमध्ये या कार्डावर माणसंच नाहीत, नुसत्या पाच तलवारी. तिथे ‘बघा, तो कसा हसतोय’ म्हणता येत नाही. इंग्रज गूढवादी ॲलिस्टर क्रौली यांच्या थॉथ डेकमध्ये तर कार्डावर ‘डिफीट’, म्हणजे पराभव, असंच छापलंय. चित्र लेडी फ्रीडा हॅरिस यांचं. तिथे पोकळ विजयाची गोष्ट सांगत बसाल तर समोरचा कार्ड दाखवून विचारेल, आणि बरोबर विचारेल.

कोर्टाचा निकाल सांगणं

‘केस जिंकू का?’ यावर हे कार्ड आलं तर हो किंवा नाही यातलं काहीही बोलू नका. निकाल वकिलाला विचारायचा. जिंकल्यावर कुणाशी संबंध उरतील, आणि खर्च, वर्षं, झोप यांचा हिशेब मांडलाय का, एवढंच आपण विचारू शकतो. उत्तर आवडलं नाही म्हणून क्लॅरिफायरवर क्लॅरिफायर, म्हणजे खुलाशासाठी जादा कार्डं, काढत बसणं हाही याच चुकीचा भाऊ. मनासारखं कार्ड कधीतरी निघतंच, ७८च तर आहेत. आणि या कार्डावर ‘उपाय’ म्हणून क्रिस्टल विकणाऱ्यांबद्दल न बोललेलंच बरं.

सगळ्यांना ‘सोडून द्या’ सांगणं

यातली सर्वांत घातक चूक ही. ‘जिंकून काय मिळणार, माघार घ्या’ हा या कार्डाचा ठरलेला सल्ला, आणि सोसायटीच्या पार्किंगवरून हमरीतुमरीवर आलेल्याला तो लागूही पडतो. पण बोलता बोलता समोरची बाई नवऱ्याच्या माराबद्दल सांगायला लागली, तर तिथे दोन बाजूंचं भांडण नाहीच. तिला अहंकार सोडायला सांगणं म्हणजे हसणाऱ्या माणसाच्या हाती आणखी एक तलवार देणं. रीडिंग तिथेच थांबवा, पैसे घेऊ नका. महिला हेल्पलाइन १८१ आणि तातडीच्या मदतीसाठी ११२, हे नंबर तिला द्या. तिचा फोन नवरा तपासत असेल तर त्यात सेव्ह करू नका, पाठ करून घ्या.