मराठी कामासाठी फॉन्टचा साठा: जमवणं, पारखणं, लावणं

‘हजारो फॉन्ट मोफत’ म्हणून फिरणारी गाठोडी उतरवून घेऊ नका. त्यांत देवनागरी फॉन्ट मूठभर असतात, परवान्याचा पत्ता नसतो आणि एकच फॉन्ट वेगवेगळ्या नावांनी पुन्हा पुन्हा येतो. मराठी डिझाइनसाठी पन्नास-साठ पारखलेली फॉन्ट-कुटुंबं (एका फॉन्टच्या बारीक-जाड सगळ्या आवृत्त्या मिळून एक कुटुंब) पुष्कळ झाली.

जमवणं सोपं आहे. गूगल फॉन्ट्सवर देवनागरी निवडा आणि सुरुवात तिथून करा. एक टाइपचे मुक्ता, बलू, मोदक आणि अनेक, इंडियन टाइप फाउंड्रीचे हिंद, पॉपिन्स आणि तेको, शिवाय नोटो सान्स, नोटो सेरिफ आणि टिरो देवनागरी मराठी एवढ्यावर बरंचसं काम निघतं. हे सगळे ओपन फॉन्ट लायसन्सखाली आहेत. छपाई, वेष्टन, बोधचिन्ह, सगळीकडे वापरा. फक्त नुसता फॉन्ट विकता येत नाही. झिपमधली परवान्याची फाइल त्या फॉन्टच्याच फोल्डरमध्ये राहू द्या. काही झिपमध्ये व्हेरिएबल (सगळ्या जाड्या एकाच फाइलीत) आणि स्टॅटिक (प्रत्येक जाडीची वेगळी फाइल) अशा दोन्ही आवृत्त्या असतात. त्यांतली एकच बसवा, कारण दोन्ही बसवल्या की एकाच नावावरून गोंधळ होतो. छपाईचं काम असेल तर मी स्टॅटिकच घेतो. ‘वैयक्तिक वापरापुरता’ असं लिहिलेला फॉन्ट ठेवूच नका. आज ना उद्या तो गिऱ्हाइकाच्या कामात शिरतोच.

खरं काम आहे ते पारखण्याचं. मी सर्वांत जास्त अडखळलो तो इथेच, आणि याच टप्प्यावर सर्वांत वाईट सल्ले मिळतात. फॉन्टच्या नमुन्यात नेहमी सोपी अक्षरं दाखवतात आणि ती कुठल्याही फॉन्टमध्ये बरीच दिसतात. त्यामुळे आपली कसोटीची ओळ आपण करायची. माझी ही अशी:

तऱ्हा, वाऱ्यावर, मूर्तींची, लाल, शाळा, विठ्ठल, बुद्धी, ब्रह्म, हृदय, वाङ्मय, ट्रक, रुपया, रूप, ॲप, ऑर्डर, ₹ ५८९

प्रत्येक शब्दाला इथे काम आहे. ‘तऱ्हा’ आणि ‘वाऱ्यावर’मधला अर्धा र हिंदीला लागत नाही, त्यामुळे केवळ हिंदी डोळ्यांपुढे ठेवून केलेल्या फॉन्टात तो मोडतो. ‘मूर्तींची’मध्ये रफार, दीर्घ वेलांटी आणि अनुस्वार एका डोक्यावर येतात. ते एकमेकांवर चढले किंवा वरून कापले गेले तर त्या फॉन्टात मथळा करू नका. ‘ॲ’ युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या अक्षरांच्या जागतिक संकेतात, २००८ साली आला आणि ₹ हे चिन्ह २०१० साली, म्हणून त्याआधीच्या फॉन्टांत ही दोन्ही सहसा नसतात. इथे एक सापळा आहे. फॉन्टात अक्षर नसेल तर काही प्रोग्रॅम चुपचाप दुसऱ्या फॉन्टातलं उचलून दाखवतात. बारा पॉइंटला ते लक्षात येत नाही, फ्लेक्सवर मात्र दुरूनही दिसतं. म्हणून ही ओळ फॉन्टच्या सर्वांत जाड वजनात, निदान ७२ पॉइंटला लावून पाहा.

आता ‘लाल’ आणि ‘शाळा’. मराठीचा ल पाकळीयुक्त आणि श देठयुक्त. शासनाच्या २००९ च्या वर्णमालेतही हीच रूपं आहेत. पुष्कळ फॉन्टांत मूळ रूप हिंदी वळणाचं असतं आणि मराठी रूप आत दडलेलं असतं. मजकुराची भाषा ‘मराठी’ अशी लावली की ते बाहेर येतं. टिरो देवनागरी मराठीत ते आधीपासूनच आहे. भाषा लावूनही ल बदलला नाही, तर त्या फॉन्टच्या नोंदीत ‘हिंदी ल’ असं लिहून ठेवा. पाठ्यपुस्तक, बालसाहित्य किंवा सरकारी कामाला असा फॉन्ट लावायचा नाही, या मताला मी चिकटून आहे.

फॉन्टला नापास करण्याआधी प्रोग्रॅम तपासा. इनडिझाइन या पानं लावायच्या प्रोग्रॅममध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर (भारतीय लिप्या नीट जुळवणारी सोय) चालू नसेल तर चांगल्या फॉन्टचीही वेलांटी भलतीकडे जाते आणि जोडाक्षरं फुटतात.

जुने फॉन्ट ही वेगळी जात. श्रीलिपी, आकृती, शिवाजी, आयएसएम यांच्या जुन्या फॉन्टांत इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असतात. ओळखायची खूण सोपी आहे: इंग्रजी कळ दाबली की मराठी आकार उमटतो आणि युनिकोडमधलं ‘कमळ’ त्यात उमटतच नाही. ‘फेकून द्या’ असा सल्ला सर्रास मिळतो. तो ऐकू नका. प्रेसमधल्या जुन्या पत्रिका, अहवाल, दिवाळी अंकांच्या फाइली त्यांच्याशिवाय नीट उघडणार नाहीत. त्यांचा वेगळा फोल्डर करा, जुनी फाइल उघडायची असेल तेव्हाच चालू करा आणि नवं काम त्यांत सुरू करू नका. मजकूर युनिकोडमध्ये बदलून घेतलात तर माणसाकडून मुद्रितशोधन करून घ्याच. जुन्या पद्धतीत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार नंतर साठवलेला असतो, युनिकोडमध्ये नेमकं उलट. कन्व्हर्टर चुकतो तो बहुधा इथेच.

एवढं झालं की लावणं तासाभराचं. फोल्डर अकारविल्हे न करता कामाप्रमाणे करा: मजकूर, मथळे, हस्ताक्षरी वळणाचे, जुने. फॉन्टबेससारखा मोफत व्यवस्थापक घ्या, तो विंडोज आणि मॅक दोन्हींवर चालतो. प्रत्येक कामाचा संच करा आणि तेवढाच चालू ठेवा. सगळे फॉन्ट एकदम बसवले की यंत्र मंदावतं आणि यादीत हवा तो सापडत नाही. निर्मला किंवा कोहिनूरसारखे यंत्रासोबत आलेले फॉन्ट काढू नका. साठ्याची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर असू द्या.

प्रेसला फाइल देताना दोन प्रती करा. एक कर्व्ह केलेली (अक्षरांची नुसत्या आकारांत बदललेली, म्हणजे फॉन्ट लागत नाही), छपाईसाठी. दुसरी पॅकेज केलेली, फॉन्टसकट, आपल्याकडे राहणारी. पुढच्या वर्षी तारीख बदलायची झाली की हीच दुसरी लागते.