सोलापुरात ब्लूबेरी लावताय? आधी या चुका टाळा

दर आठवड्याला एक तरी फोटो येतो. कुंडीत रोप, पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या, आणि खाली प्रश्न: "कोणतं टॉनिक मारू?" मी उलट एकच विचारतो, पाणी कुठलं घालता? उत्तर ठरलेलं असतं. बोअरचं.

ब्लूबेरीला 4.5 ते 5.5 सामू (pH, म्हणजे आम्लतेचा आकडा; जितका कमी तितकं आंबट) लागतो आणि आपली काळी, चुनखडीची जमीन 8 च्या आसपास, हे आता बहुतेकांना ठाऊक झालंय. म्हणून लोक मोठ्या कुंड्या घेतात, कोकोपीट भरतात आणि निर्धास्त होतात. पाण्याकडे कुणी बघत नाही. ड्रिपरच्या तोंडाशी साचणारा पांढरा थर, हंड्याच्या बुडाला बसणारे क्षार, हे सगळं त्या पाण्यातूनच येतं. त्यातलं बायकार्बोनेट रोज थोडं थोडं कुंडीत उतरतं आणि सामू वर चढत जातो.

माझी पहिली 24 रोपं यातच गेली. मोहोळ गावाजवळ शेडनेटमध्ये फेब्रुवारीत लावली होती, भरलेल्या मिश्रणाचा सामू बरोबर 5 होता. मेमध्ये शेंडे पिवळे पडले. मला वाटलं ऊन लागलं, म्हणून वर दुसरी नेट चढवली. मग मॅग्नेशियम दिलं. मग चिलेटेड लोह फवारलं. आठ दिवस पानं हिरवी दिसली, नवी पालवी पुन्हा पिवळीच. जूनमध्ये एका कुंडीखाली ताट ठेवलं आणि निचऱ्याचं पाणी मोजलं, तर सामू 7.4! रोप उपटून बघितलं. मुळं केसासारखी बारीक, तपकिरी, बोट लावताच तुटणारी. या झाडाला मूलरोम, म्हणजे मुळांवरची सूक्ष्म लव, नसतेच, त्यामुळे आधीच तोकडी असलेली मुळं अशा सामूत लोह उचलू शकत नाहीत. लोह कुंडीत होतं, झाडाला मिळत नव्हतं. 19 रोपं मेली.

आता मी रोपांच्या आधी पाणी तपासून घेतो. दहा लिटर पाणी बादलीत घेऊन मोजून थोडं थोडं ॲसिड टाकायचं, सामू 5 वर आला की थांबायचं, रात्रभर ठेवून सकाळी परत मोजायचं. तेच प्रमाण टाकीला. ॲसिड पाण्यात ओतायचं, पाणी ॲसिडमध्ये कधीच नाही, आणि हातमोजे-चष्मा घातल्याशिवाय बाटली उघडायची नाही. डाळिंबवाले ठिबक धुवायला वापरतात ते हायड्रोक्लोरिक इथे नको, कारण त्यातलं क्लोराइड ब्लूबेरीला सोसत नाही. मी सल्फ्युरिक किंवा फॉस्फरिक घेतो. बॅटरीतलं जुनं ॲसिड तर हातातही धरू नका, त्यात शिसं असतं. पावसाळ्यात पत्र्यावरचं पाणी साठवता आलं तर त्याच्याइतकं चांगलं काहीच नाही. आणि दर पंधरा दिवसांनी ताट ठेवून निचरा मोजायचा. सामूचं मीटर 4 आणि 7 सामूच्या तयार द्रावणात जुळवून घेतल्याशिवाय त्याच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका.

"जमिनीतच गंधक टाकून सामू उतरवतो" म्हणणाऱ्यांसाठी हिशोब मांडतो. एकराचा वरचा 15 सेंटीमीटर थर म्हणजे साधारण 9 लाख किलो माती. त्यात फक्त 1 टक्का चुना धरला तरी तो 9 टन. तो मारायला जवळपास 3 टन गंधक लागतं, आणि तेही जिवाणूंनी महिनोन्‌महिने काम केल्यावर. आपल्याकडे चुनखडी 1 टक्क्यावर थांबत नाही. सोलापुरात ब्लूबेरी कुंडीतच.

जातीत फसू नका. ब्लूक्रॉपसारख्या उत्तरेकडच्या जातींना 7 अंश सेल्सिअसखालच्या थंडीचे 800 च्या आसपास तास लागतात, ते इथे मिळणं अशक्य. बिलॉक्सी, मिस्टी यांसारख्या कमी थंडीच्या जाती घ्या. शक्यतो दोन वेगळ्या, म्हणजे फळ मोठं धरतं.

कच्चं शेणखत नको. म्युरेट ऑफ पोटॅश नको. कॅल्शियम नायट्रेट नको. नत्र अमोनियम सल्फेटमधून, चिमटी-चिमटीने. कोकोपीट दोन-तीनदा धुतल्याशिवाय भरू नका. कुंडीत पाणी तुंबू देऊ नका.

दुसरी चूक माझ्या जास्त जिव्हारी लागते, कारण ती ज्ञानच बुडवते. लोक "प्रयोग" करतात आणि एकाच आठवड्यात खत, नेट, मिश्रण सगळं बदलतात. झाड सुधारलं तर कशाने? मीही मेमध्ये तेच केलं होतं. आता एका वेळी एकच गोष्ट बदलतो, निदान सहा कुंड्यांवर, आणि शेजारी सहा कुंड्या तशाच ठेवतो. चिठ्ठी कुंडीला तारेने बांधतो. शाई एका उन्हाळ्यात उडते, म्हणून नंबर पत्र्यावर खिळ्याने कोरतो. वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रेडरिक कोविल यांनी अमेरिकेत या झाडाला आम्लधर्मी माती लागते हे 1910 मध्ये मांडलं. 1911 मध्ये न्यू जर्सीच्या बागायतदार एलिझाबेथ व्हाइट त्यांच्यासोबत आल्या, आणि लागवडीच्या ब्लूबेरीचं पहिलं पीक विक्रीला गेलं 1916 मध्ये. आपल्याला मात्र सहा महिन्यांत फळांचा फोटो हवा असतो.

म्हणूनच पहिल्या वर्षी फुलं खुडायची. हात धजत नाही, पण खुडायची. दुसऱ्या वर्षी फळ निळं झालं की लगेच तोडू नका. देठाकडून बघा, तिथे लालसर कडा दिसत असेल तर अजून चार दिवस झाडावर राहू द्या.